वेळापत्रकामागचे गणित

विमान कंपनीच्या वेळापत्रकात प्रवाशाला दिसते ती फक्त सुटण्याची व पोहोचण्याची वेळ. कोणते विमान कोणत्या फेरीला लावावे, कोणता वैमानिक किती मुक्काम करून आपल्या तळावर परतेल, हा सारा हिशेब त्यामागे दडलेला असतो. तो गणिताने सोडविणारी शाखा म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात ‘एमआयटी’तील सिंथिया बार्नहार्ट यांनी वाहतूक क्षेत्रातील तिच्या उपयोगावर आपल्या संशोधनाचा भर ठेवला.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधर असलेल्या बार्नहार्ट यांनी १९८८ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली. जॉर्जिया टेक येथे अध्यापन केल्यानंतर १९९२ मध्ये त्या एमआयटीत परतल्या. वैमानिकांच्या फेऱ्या जुळविण्याचे पर्याय कोट्यवधी असतात. ते सगळे मांडणे संगणकालाही झेपत नाही. म्हणून मोजक्या पर्यायांपासून सुरुवात करायची आणि खर्च घटविण्याची शक्यता असलेले पर्यायच पुढे हिशेबात घ्यायचे, हे ‘ब्रँच अँड प्राइस’ पद्धतीचे सूत्र. चार सहकाऱ्यांसह त्यांनी १९९८ मध्ये या पद्धतीवर लिहिलेला शोधनिबंध प्रसिद्ध आहे. ‘यूपीएस’ कंपनीच्या मालवाहू विमानांच्या नियोजनासाठी त्यांच्या सहभागाने तयार झालेल्या प्रणालीमुळे ८ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक बचत झाल्याची नोंद २००४ च्या निबंधात आहे.

मात्र, कागदावर सर्वांत स्वस्त ठरलेले वेळापत्रक प्रत्यक्षात टिकतेच असे नाही. दोन फेऱ्यांमधील अवधी कमी केला, की सकाळचा एक विलंब संध्याकाळपर्यंत पसरत जातो. विमानांच्या फेऱ्यांचा क्रम व सुटण्याच्या वेळा किंचित बदलून हा पसारा आवरता येतो, हे शान लान व जॉन-पॉल क्लार्क यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये दाखविले. विमानाला झालेला विलंब आणि प्रवाशाला झालेला विलंब एकच नव्हे, हा मुद्दा २०१४ मध्ये डग्लस फिअरिंग व विक्रांत वझे यांच्यासह केलेल्या अभ्यासाने ठळक केला. पुढचे विमान चुकलेला किंवा उड्डाणच रद्द झालेला प्रवासी तासन्‌तास खोळंबतो. पण विमानांच्या विलंबाच्या आकडेवारीत त्याचा खोळंबा उमटत नाही.

बार्नहार्ट २००८ मध्ये ‘इन्फॉर्म्स’ या व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्ष होत्या. २०१४ ते २०२१ या काळात त्या एमआयटीच्या चॅन्सेलर होत्या, तर २०२२ ते २०२५ या काळात प्रोव्होस्ट. ही दोन्ही पदे भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. खर्च किती वाचला, याबरोबरच प्रवासी वेळेवर पोहोचला का, हा प्रश्नही गणितात मांडता येतो, हे त्यांच्या संशोधनाचे मोल आहे.