बेसबॉलची बेटांवरील वसंत शिबिरे

अमेरिकी बेसबॉल संघांची हंगामपूर्व सराव शिबिरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापू लागते, तेव्हा शिकागोत मैदाने गारठलेली असतात; म्हणून संघ उबदार प्रदेशात जात. बहुतेकांनी फ्लोरिडा गाठले, काहींनी बेटे.

च्युइंगगम-सम्राट विल्यम रिगली यांनी 1919 मध्ये कॅलिफोर्नियाजवळचे कॅटलिना बेट घेतले. 1921 ते 1951 या काळात, 1942-45 ही युद्धवर्षे वगळता, त्यांचा शिकागो कब्ज संघ तेथे सराव करी. खेळाडू बोटीने ॲव्हलॉन बंदरात उतरत आणि दम वाढवण्यासाठी बेटावरच्या टेकड्या चढत. 1937 मध्ये याच शिबिराच्या वार्तांकनासाठी आलेल्या रोनाल्ड रेगन या रेडिओ समालोचकाने हॉलिवूडमध्ये पडदाचाचणी दिली, आणि तो चित्रपटात गेला.

सर्वांत महत्त्वाचे शिबिर 1947 चे, क्यूबातील हवानाचे. फ्लोरिडातील वर्णभेद टाळण्यासाठी ब्रुकलिन डॉजर्स संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी ते निवडले. तरीही गोरा संघ आलिशान हॉटेल नॅसिओनालमध्ये राहिला आणि जॅकी रॉबिन्सनसह कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळ्या, साध्या हॉटेलात ठेवले गेले. हा अन्याय रॉबिन्सनला फार लागला. 15 एप्रिल 1947 रोजी तो डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्तरावरील कृष्णवर्णीयांवरची सहा दशकांची बंदी मोडली.