आयनांबर-मानचित्रण

पृथ्वीच्या वरच्या आयनीभूत वातावरणातील इलेक्ट्रॉन-घनतेचे स्थल-कालानुसार केलेले आलेखन (पहा : आयनांबर). ग्रेगरी ब्राइट व मर्ल ट्यूव्ह यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत रेडिओ-स्पंद वर पाठवून प्रतिध्वनीच्या विलंबावरून थराची उंची मोजली. आयनोसोंड हे उपकरण याच तत्त्वावर चालते. पण कमाल घनतेच्या पातळीपलीकडचा भाग त्याला जमिनीवरून दिसत नाही. कॅनडाच्या अल्युएट-१ उपग्रहाने (१९६२) तो वरून तपासला. जीपीएसच्या दोन कंप्रतांचे संदेश आयनांबरात कमीअधिक रेंगाळतात, या फरकावरून मार्गातील एकूण इलेक्ट्रॉन काढतात (एकक : दर चौ. मी.ला १ कोटी अब्ज). चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेचा दाट पट्टा भारतावरून जातो व तेथे घनता झपाट्याने बदलते; म्हणून विमानांना उपग्रह-संदेशांवरून मार्ग दाखवणाऱ्या ‘गगन’ प्रणालीत असे नकाशे अपरिहार्य ठरतात (पहा : उपग्रह मार्गनिर्देशन).