गोमंतकांतील नवख्रिस्ती आणि त्यांची आत्मप्रतिष्ठा

गोमंतकांतील धर्मांतराचा इतिहास आजवर बहुधा दोन पक्षांनीं लिहिला. एका पक्षाच्या दृष्टीनें तो देवळें मोडल्याचा, ग्रंथ जाळल्याचा आणि इन्क्विझिशनच्या छळाचा इतिहास होय. दुसऱ्याच्या दृष्टीनें तो मिशनऱ्यांच्या पुण्यकर्माचा. पहिल्या पक्षाचीं प्रमाणें खोटीं नाहींत. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें आणि १५६७ सालीं सासष्टींतील देवळें रायतूरच्या किल्लेदारानें जमीनदोस्त केलीं, यांत वाद नाहीं. परंतु ज्याचें धर्मांतर झालें तो मनुष्य या दोन्ही लेखनांत कोठें बोलतांना दिसत नाहीं. एकाच्या लेखीं तो बळी, दुसऱ्याच्या लेखीं जमेची बाब. बाप्तिस्मा घेऊन पोर्तुगीज नांव धारण केलेला, जुन्या ज्ञातींत परका आणि नव्या राज्यकर्त्यांत हलका ठरलेला हा मनुष्य स्वतःला काय समजत होता, आणि ज्या धर्मांत तो आपखुशीनें किंवा जुलमानें आला त्याच धर्माच्या आधारें त्यानें आपली प्रतिष्ठा कशी उभी केली, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

या प्रश्नाचें फार जुनें उत्तर एका मराठी ग्रंथांत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ त मृत्यु येईपर्यंत बहुतेक काळ सासष्टींत राहिला. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ त त्याच्या पुनरावृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर, मिळून १०,९६२ ओंव्या, असा त्याचा विस्तार आहे. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओंव्या व्याख्यानांतून इतक्या वेळां ऐकूं येतात कीं, ग्रंथांत तेवढेंच आहे असें पुष्कळांस वाटावें. आमच्या मतें त्याहून महत्त्वाचा भाग ग्रंथारंभीं पहिल्या अवस्वरांत आहे, आणि तिकडे फारसें कोणी वळत नाहीं.

प्रसंग असा. सासष्टींतील एका देवळांत आदितवारीं पाद्री ख्रिस्ती तत्त्वांचा पाठ देत आहे. तेव्हां एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येतो, वंदन करितो आणि म्हणतो कीं, आपण शिकवितां तें उत्तम आहे. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आपण आम्हांस कां देत नाहीं? तें असतें तर लोकांस काळ घालविण्यास चांगलें साधन मिळतें. पुढील सर्व ग्रंथ हें या प्रश्नाचें उत्तर म्हणून सांगितलेला आहे.

ही केवळ कविसंकेताची योजना आहे असें कोणी म्हणेल. तसें जरी मानलें तरी चाळीस वर्षें त्या लोकांत वावरलेल्या माणसानें आपल्या ग्रंथाचें कारण म्हणून हेंच वाक्य निवडावें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रश्न विचारणारा जुन्या धर्मांत परत जाऊं इच्छीत नाहीं. तो नव्या धर्माचा म्हणूनच बोलतो. पण प्रश्नोत्तराच्या पाठांतरावर त्याचें समाधान नाहीं. ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या पुराण वाचलें गेलें, त्याला लहान मुलांसारखें घोकायला बसविलें, हा सल त्या विनयशील शब्दांखालीं स्पष्ट दिसतो. ख्रिस्ती झालों म्हणून आम्ही ग्रंथहीन कां व्हावें, असें त्याचें म्हणणें आहे. आणि पाद्रीनें तें रास्त मानलें.

उत्तरहि त्यानें त्याच तोलाचें दिलें. ओंवीचें वृत्त, आरंभींचें मंगलाचरण, स्वर्गाला वैकुंठ हा शब्द, हें सर्व ऐकणाऱ्याच्या कानांस परिचित होतें. त्याहून खोल गोष्ट वंशकथेची. सह्याद्रिखंडांत परशुरामानें गोमंतकांत ब्राह्मण आणून वसविल्याची कथा आहे. त्या कथेवर येथील कुळांचा मान उभा होता. ती हातची गेली. तिच्या जागीं क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागानें जगाच्या उत्पत्तीपासूनची वंशावळ दिली, आणि तींत सासष्टींतला गांवकर व लिस्बनहून आलेला फिदाल्गु एकाच आदिपुरुषाचे वंशज ठरले. ही गोष्ट ओंव्यांतून आदितवारीं कानीं पडूं लागली म्हणजे ऐकणाऱ्याची मान थोडी वर होणारच. राज्यकर्त्यांना हा अर्थ अभिप्रेत होता असें मात्र नव्हे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. स्टीफन्सनें १६०८ त जेझुइटांच्या मुख्याधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत, या देशाच्या भाषेंत व या देशाच्या अक्षरांत पुस्तकें छापावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा असल्याचें कळविलें होतें. युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें, येथें सहाशें ठसे पाडावे लागतील, ही अडचणहि त्यानें नमूद केली. इच्छा सफल झाली नाहीं आणि ग्रंथ रोमन लिपींत निघाला. पुढें छापील प्रती नाहींशा झाल्या. ग्रंथ राहिला तो घरोघरच्या नकलांनीं. १९०७ त मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं आवृत्ति सिद्ध केली ती हस्तलिखितांवरूनच. त्यानंतर लंडन येथील मार्स्डेन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे जस्टिन अ‍ॅबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. तिच्यांत रोमन प्रतींतील पुष्कळ परकी शब्दांच्या जागीं देशी शब्द आहेत. या प्रतीच्या आधारें १९९६ त कारिदाद द्राग यांची आवृत्ति प्रसिद्ध झाली. १६८४ त व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम सोडला. अशा हुकुमाच्या राज्यांतून निघून जे ख्रिस्ती कानड्यांत जाऊन राहिले, त्यांच्या घरांत ही पोथी टिकली. टिपूच्या बंदींत, १७८४ ते १७९९ या काळांत, मंगळूरच्या ख्रिस्त्यांनीं तिच्या ओंव्या गाऊन धीर धरला अशी त्यांची परंपरा सांगते.

ग्रंथ मिळाला, पण अधिकार मिळाला नाहीं. पवित्र संस्कारांनंतर सर्व ख्रिस्ती समान असें शिकविणारे जेझुइट एतद्देशीयांस आपल्या संघांत घेत नसत, आणि त्यांस पाद्रीपद देण्यासहि वरिष्ठ नाखूष असत. याविरुद्ध उभा राहिला तो मातेउश द कास्त्रो. हा दिवाडी बेटांतील ब्राह्मण ख्रिस्ती, जन्म १५९४ च्या सुमाराचा. बारदेशांत रेइश मागुश येथें फ्रान्सिस्कनांजवळ शिकला. गोव्याच्या आर्चबिशपानें दीक्षा नाकारली, तेव्हां हा खुष्कीच्या मार्गानें रोमला जाण्यास निघाला आणि १६२५ त तेथें पोंचला. रोम येथें १६२२ त प्रोपागांदा ही संस्था निघालेली होती. तिचा चिटणीस इंगोली हा देशी धर्मगुरूंचा पुरस्कर्ता होता. कास्त्रोला तेथें शिक्षण मिळालें, पाद्रीपद मिळालें आणि १६३७ त तो क्रिसोपोलिसचा बिशप झाला.

गोव्यांत त्याचें स्वागत कसें झालें हें सांगावयास नको. त्याच्या पदाचीं पत्रें खोटीं ठरविण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच्या वर्णावरून हीन शब्द उच्चारणाऱ्यांत एक जेझुइट पात्रिआर्क होता. अखेर त्यानें आदिलशाही मुलखांत डिचोलीस ठाणें केलें. १६५३ त त्यानें आपल्या जातभाईंसाठीं ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नांवाचा लेख लिहून पोर्तुगिजांविरुद्ध त्यांस चेतविलें; आदिलशहाच्या गोव्यावरील स्वारींत त्याचा हात होता असा पोर्तुगिजांचा आरोप आहे. पोर्तुगीज कागदांत तो फितुरी म्हणून येतो. अलीकडे कोणी त्यास स्वातंत्र्यवीरहि म्हणतात. आम्हांस दोन्ही वर्णनें अपुरीं वाटतात. त्याचें सगळें भांडण एका मुद्द्यावर होतें: ज्या धर्मानें मला बिशप केलें त्याचीच शपथ घेणारे तुम्ही मला कमी लेखतां हें त्या धर्मास धरून नाहीं. ही तक्रार ख्रिस्ती मनुष्यासच करितां येते. १६७७ त तो रोम येथें वारला.

मात्र त्याच्या लेखाचें नांवच सांगतें कीं, त्याची हांक सर्व नवख्रिस्त्यांस नव्हती. ती ब्राह्मणांस होती. हें वैगुण्य पुढें वाढत गेलें. १७०२ त लिस्बन येथें आंतोनियु जुआंव द फ्रियश या पाद्रीचा ग्रंथ निघाला. बाळयेशूच्या दर्शनास आलेल्या राजांपैकीं एक ब्राह्मण होता असें त्यानें त्यांत प्रतिपादलें. त्यास उत्तर म्हणून १७१३ त लेओनार्दु पायश यानें चारड्यांचें, म्हणजे क्षत्रियांचें, श्रेष्ठत्व मांडणारा ग्रंथ छापला. सह्याद्रिखंड बायबलांत घुसविल्यासारखा हा प्रकार आहे. विद्वत्ता मोठी, पण आदिपुरुषाची जी वंशावळ क्रिस्तपुराणानें सर्वांस सारखी वांटून दिली होती, ती या पंडितांनीं पुनः जातवार कापली.

याच काळांत दुसरी एक धारा वाहत होती. जुन्या गोव्यांत देशी पाद्र्यांनीं ओरेटरी नांवाचा आपला संघ काढला. १६८५ त सासष्टींतील बाणावलीचा जुझे व्हाज त्यांत आला. सिंहलद्वीपांत डचांनीं कॅथलिक पाद्र्यांस बंदी केली होती. १६८७ त व्हाज तेथें मजुराच्या वेषांत शिरला आणि १७११ त कँडी येथें वारला. २०१५ त रोमनें त्यास संतपद दिलें. ज्याच्या पूर्वजांस एका परक्यानें धर्म शिकविला, तो आतां स्वतः परमुलखांत गुरु झाला. यासाठीं त्याला ना पूर्वेचे राजे लागले, ना कोणाचें प्रशस्तिपत्र.

त्याच्या मागून १७०५ त दिवाडीचाच याकोमे गोन्साल्व्हिश सिंहलद्वीपांत गेला. छापखाना डचांच्या हातीं होता, म्हणून याचे सिंहली व तामीळ ग्रंथ ताडपत्रांवर नकलून गांवोगांव फिरत. सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ तेथील लोक त्याच्यापासून धरितात. त्याच्या एका सिंहली ग्रंथाचें नांव ‘देववेदपुराणय’ असें आहे.