फळखाऊ वटवाघूळ, भारतीय
आंबा-वडासारख्या वृक्षांची फळे व फुलांतील मधुरस यांवर जगणारा आकाराने मोठा उडणारा सस्तन प्राणी. कुल टेरोपोडिडी, शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस (टेमिंक, १८२५).

प्रसार पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत, श्रीलंका व मालदीवमध्येही. मराठवाड्यातील मुदखेड, नांदेड, लातूर हा गोदावरी खोऱ्याचा टापू याच कक्षेत येतो. दिवसा वड, पिंपळ, चिंचेच्या उंच झाडांवर थव्याने उलटे लटकून राहते. पंखविस्तार १.२ मी. किंवा अधिक. अन्न दृष्टी व गंधाने शोधते. प्रतिध्वनीचा वापर करत नाही [→ प्रतिध्वनिस्थाननिर्धारण].

आहारात उंबर, पेरू, जांभूळ, मोहाची फुले. गर चावून, टाळूवर दाबून रस गिळते आणि चोथ्याची गोळी थुंकते; त्यामुळे पचनावर तंतूंचा भार पडत नाही. अंधनाल नसते. शर्करेचा बराच भाग आतड्याच्या पेशींमधील फटींतूनही शोषला जातो, ही सस्तन प्राण्यांत लक्षणीय बाब होय. अन्न सुमारे अर्ध्या तासात बाहेर पडते; उंबरवर्गीय बारीक बिया त्यासोबत दूरवर, अनेकदा उडतानाच, सांडतात [→ बीजप्रसार; परागण].

फळबागांच्या नुकसानीमुळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये फळखाऊ वटवाघळे दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. बीजप्रसारातील वाटा पाहता ती नोंद एकांगी ठरते.