स्वतःचं विमान की क्लबचं? हिशेबातला छेद तपासा

जुने जमाखर्च वाचून संशोधन करायचं ठरवत असाल, तर हे एक उदाहरण घ्या. १९२०च्या दशकातलं छोटं विमान. ते विकत घ्यावं की क्लबचं तासावर उडवावं, हा प्रश्न तेव्हाही होता.

डी हॅविलंड कंपनीचं ‘मॉथ’ २२ फेब्रुवारी १९२५ला लंडनजवळच्या स्टॅग लेनवरून पहिल्यांदा उडालं. दोन जागा, लाकडी सांगाडा, आणि महायुद्धानंतर उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाचे चारच सिलिंडर वापरून केलेलं इंजिन. पंख मागे दुमडता यायचे. वाचताना ही नुसती सोय वाटते, पण बाब खर्चाची आहे. दुमडलेलं विमान कमी जागेत मावतं, हँगरचं भाडं वाचतं. पुढे आलेल्या जिप्सी मॉथची किंमत ६५० पौंड होती. रुपया तेव्हा १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला, म्हणजे साधारण ८,६६७ रुपये. जहाजभाडं वेगळं.

किंमत एकदाच द्यायची. हँगर, विमा, तपासणी, घसारा आणि अडकलेल्या पैशावरचं व्याज मात्र विमान उडो न उडो, चालूच. आता समजा (आकडे माझे, फक्त गणितापुरते) हा ठरलेला खर्च वर्षाला १,२०० रुपये, पेट्रोल-तेल ताशी १० आणि क्लबचं भाडं ताशी ३०. तर वर्षाला ६० तासांहून जास्त उडालात तरच मालकी परवडते.

पण ते ३० आले कुठून? ब्रिटिश सरकारनं १९२५पासून क्लबांना अनुदान दिलं. भारतातल्या क्लबांनाही सरकारी मदत होती. मदतीशिवाय भाडं ४० झालं असतं, तर आपल्या गणितातली सीमा थेट ४० तासांवर उतरते. मी सुरुवातीच्या एका टिपणात ‘विमानमालक थोडे, म्हणून हौस कमी’ असं बिनधास्त लिहून ठेवलं होतं. स्वस्त भाडं असताना शहाणा माणूस विमान घेईल कशाला, हे सुचलंच नाही!

मालकीची एक बाजू कुठल्याच रकान्यात बसत नाही. जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी ते आगा खान स्पर्धेत जिप्सी मॉथ घेऊन उतरले. बक्षीस ५०० पौंड, म्हणजे विमानाच्या किमतीपेक्षाही कमी. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरला प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी अडकलेले भेटले. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले, आणि स्पर्धा अस्पींनी जिंकली. क्लबचा सभासद विमान बिघडलं की घरी जातो. स्वतःचं विमान असेल तर सुटे भागही बरोबर वागवावे लागतात.

तेव्हा एखाद्या फ्लाइंग क्लबचा वार्षिक अहवाल हाती आला तर आधी अनुदानाची ओळ शोधा, मग वर्षातले एकूण उड्डाणतास. ताशी दर त्यानंतर उतरवून घ्या.