घरात किती मतं?

२०२५च्या फेब्रुवारीत दिल्ली विधानसभेची निवडणूक होती. त्याच्या आठवडाभर आधी प्रचाराचा एक मुलगा वही घेऊन दारात उभा राहिला. ‘आंटी, घर में कितने वोट हैं?’ मी म्हटलं, एक. त्याने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं, उरलेली मतं स्वयंपाकघरात असावीत अशा आशेने. मग पत्रक कडीला अडकवलं आणि शेजारची बेल वाजवली. तिथे सहा मतं आहेत. तिथे तो चहा पिऊन गेला.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. एका जिन्यात सहा मतं मिळत असतील तर एका मतापाशी कोण थांबेल? पण त्या दिवसापासून ‘कुटुंब’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला. आमच्या इंदूरच्या घरी आजोबा आजीला ‘कुटुंब’ म्हणत. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय.’ म्हणजे जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. ज्याचं लग्न नाही त्याला कुटुंब नाही, विषय संपला. त्याच्यासाठी भाषेने ‘सडाफटिंग’ ठेवला, ‘एकटा जीव सदाशिव’ ठेवलं. दोन्ही पुरुषाचे. त्यात थोडं हसू आहे, थोडा हेवाही आहे. बाईसाठी ‘घोडनवरी’. त्यात हेवा नाही. आणि माझ्यासारखी ५२ वर्षांची झाली की तोही शब्द लागू पडत नाही.

राजकारणाच्या भाषेत मात्र एकटेपणाला भाव असतो. ३ मार्च २०२४ला पाटण्याच्या गांधी मैदानावरच्या सभेत लालूप्रसाद यादवांनी पंतप्रधानांना कुटुंब नसल्यावरून टोमणा मारला. दुसऱ्याच दिवशी तेलंगणातल्या आदिलाबादेत पंतप्रधानांनी उत्तर दिलं, १४० कोटी देशवासी हेच माझं कुटुंब. संध्याकाळपर्यंत भाजपच्या नेत्यांनी समाजमाध्यमांवर आपल्या नावापुढे ‘मोदी का परिवार’ लावलं होतं. निकालानंतर, जूनमध्ये, ते काढायला सांगण्यात आलं. मला यात कोण जिंकलं याच्यापेक्षा दोघांचं एकमत महत्त्वाचं वाटलं: कुटुंब नसणं ही उणीव आहे आणि ती कशाने तरी भरून काढायला हवी. एकाने बोट ठेवलं, दुसऱ्याने १४० कोटींनी भरून काढली. बायकांच्या बाबतीत हेच नात्याच्या नावांनी होतं. जयललिता अम्मा झाल्या, मायावती बहनजी, ममता बॅनर्जी दीदी. वाजपेयींना कुणाचे काका किंवा दादा व्हावं लागलं नाही. पुरुषाचं अविवाहित राहणं त्याग म्हणून आपोआप जमा होतं; बाईला आधी कुणाची तरी कुणीतरी व्हावं लागतं.

मी सत्य निकेतनजवळ राहते. आमच्या मेट्रो स्थानकाचं नाव दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. रोज हजारो मुलं तिथे उतरतात आणि त्या कोण हे विचारत नाहीत. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. आडनावावरून मला त्या आपल्याकडच्या वाटल्या होत्या. त्या राजमहेंद्रीच्या, तेलुगू. जन्म १९०९. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं. कळत्या वयात आल्यावर त्या लग्नातून त्या बाहेर पडल्या. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये स्वयंसेविका असताना खादी प्रदर्शनाच्या दारात त्यांनी तिकीट नाही म्हणून जवाहरलाल नेहरूंना अडवलं होतं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, मग अर्धवट राहिलेलं शिक्षण, मद्रासमध्ये वकिली, आंध्र महिला सभा, घटना समितीचं सदस्यत्व, नियोजन मंडळ. हे सगळं एकटीने. बाल्यातल्या त्या लग्नापासून चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांच्या घरात, प्रचाराच्या मुलाच्या भाषेत, एक मत होतं.

नियोजन मंडळात त्यांची गाठ अर्थमंत्र्यांशी पडली. चिंतामणराव देशमुख मूळचे रायगडातल्या महाडजवळचे, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मराठी माणसाला ते १९५६च्या राजीनाम्यामुळे आठवतात. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांची इंग्रज पत्नी रोझिना १९४९मध्ये वारली होती. २२ जानेवारी १९५३ला त्यांनी आणि दुर्गाबाईंनी लग्न केलं. ते ५७ वर्षांचे, त्या ४३च्या. साक्षीदारांत नेहरू होते. या वेळी तिकीट लागलं नसावं.

आणि याच चिंतामणरावांनी, लग्नानंतर दोनच वर्षांनी, १९५५-५६च्या अर्थसंकल्पात आयकराच्या कोष्टकात लग्न आणलं. आधी करमुक्त टप्पा सगळ्यांना सारखाच, १,५०० रुपये. आता विवाहितांना २,००० आणि अविवाहितांना १,०००. मुलाबाळांच्या घराला थोडा दिलासा, हा विचार. जॉन मथाई यांच्या करचौकशी आयोगाने कुटुंबभत्त्यासारख्या काही योजनेकडे लक्ष वेधलं होतं. पुढे काही वर्षांत मुलांच्या संख्येवरही सवलत आली. विचार वाईट नव्हता. पण त्या ५०० रुपयांपाशी मी अडते. विवाहिताला ५०० दिले ते समजलं. अविवाहिताचे ५०० कमी का केले? एकट्याला खर्च कमी, हे गृहीत धरलं गेलं असणार. खोलीचं भाडं एकट्याला अर्धं पडत नाही, हे चिंतामणरावांना कळत नसेल असं नाही. आणि घरात ज्यांना एकटीने राहण्याचा पंचवीसएक वर्षांचा अनुभव होता, त्यांना विचारलं असतं तर? विचारलं असेलही. नवराबायकोत जेवताना काय बोलणं झालं, ते कुठल्या कोष्टकात येत नाही.

त्यानंतर सरकारी भाषेत कुटुंब दुसऱ्या वाटेने आलं. लाल त्रिकोण, ‘हम दो हमारे दो’, शाळेच्या भिंतीवर हसणारे चार चेहरे. त्या चित्रात पाचव्याला जागा नव्हती, तशी एकट्यालाही नव्हती. आणीबाणीत मात्र जागा झाली. नसबंदीचे कोटे पुरे करायचे होते; १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे शहा आयोगासमोर अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आल्या. कुटुंबनियोजन, ज्यांना कुटुंबच नाही त्यांचं. माझ्या मते त्या मोहिमेबद्दल एवढा एक आकडा पुरे आहे.

नेते म्हणतात, माझ्या मागे कोणी नाही, म्हणून मी सगळ्यांचा. हे वाक्य मी घरीही ऐकलं आहे, फक्त कर्ता बदलून. बाबांना पक्षाघात झाला तेव्हा दोन्ही भावांचे फोन आले. ‘तुला काय, तू मोकळीच आहेस.’ मी दोन वर्षं इंदूरला राहिले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. बाबांनी शेवटच्या काळात मला बुद्धिबळात तीनदा हरवलं, डाव्या हाताने. पण मोकळी म्हणजे काय, हे मला त्या दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. दिल्लीतली नोकरी गेली, ती पुन्हा मिळवायला वेळ लागला. त्या काळात भाडं मी इथलंही भरत होते, एकटीच्या खर्चातून.

मतदानाच्या दोन दिवस आधी तोच मुलगा पक्षाची चिठ्ठी घेऊन पुन्हा आला. चिठ्ठीवर माझं नाव, खाली वडिलांचं. मतदारयादीत नातेवाइकाचं एक नाव द्यावं लागतं, आणि माझ्याकडे तेच आहे. त्याने ते वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

‘ये भी यहीं रहते हैं?’

मी म्हटलं, नाही, ते गेले, अकरा वर्षं झाली. त्याने सॉरी म्हटलं, वहीत काहीतरी खोडलं आणि विचारलं, पाणी मिळेल का? मी आत जाऊन आणलं. तो उंबऱ्यावर बसून प्यायला. शेजारी अजून सहा चिठ्ठ्या द्यायच्या होत्या, पण बसला थोडा वेळ.