दर्शक-ड्रायव्हरांच्या आरंभणातील स्पर्धास्थिती

संगणकाच्या दर्शकाकडून (पडद्याकडून) काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस दर्शक-ड्रायव्हर म्हणतात. यंत्र चालू केल्यावर दर्शकाचे निरनिराळे घटक वापरण्यायोग्य अवस्थेत आणण्याच्या क्रियेस आरंभण अशी संज्ञा आहे. दोन क्रिया एकाच वेळी चालू असता त्यांपैकी कोणती आधी पुरी होते यावर अंतिम परिणाम अवलंबून राहत असेल, तर त्या अवस्थेस स्पर्धास्थिती म्हणतात. आरंभणात अशी स्थिती राहून गेली, तर तेच यंत्र एका वेळी निर्दोषपणे चालू होते व दुसऱ्या वेळी त्याचा पडदा काळाच राहतो. हा दोष हुडकण्याचा इतिहास म्हणजे वस्तुतः ‘आधी काय व नंतर काय’ हे अंदाजावर न सोडता यंत्रणेतच बांधून टाकण्याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : क्रमाचा हा प्रश्न संगणकापूर्वी रेल्वेपुढे उभा राहिला होता. मुंबईच्या हार्बर मार्गावरील वडाळा रोड हे त्याचे सुबोध उदाहरण आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी याच मार्गावरून धावली. वडाळा रोडच्या पुढे मार्गाला दोन फाटे फुटतात : एक कुर्ल्याकडे जातो व दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीम–वांद्र्याकडे. सांधा बदलण्याचे काम पुरे होण्यापूर्वीच गाडीला सिग्नल मिळाला, तर गाडी भलत्याच मार्गाला लागेल किंवा घसरेल. सांधा किती सेकंदांत फिरतो हे माहीत असून भागत नाही; एखाद्या वेळी रुळांत खडा अडकला, तर तो फिरणारच नाही. यावरील उपाय जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या परस्परबंधनाच्या (इंटरलॉकिंगच्या) पद्धतीतून विकसित झाला. तीत सांध्यांच्या व सिग्नलांच्या दांड्या एकमेकींशी अशा जखडलेल्या असतात की, परस्परविरोधी हालचाल करताच येत नाही. पुढे विद्युत् पद्धतीत सांधा योग्य जागी बसून कुलूपबंद झाल्याची खूण मिळाल्यावरच सिग्नलाचे मंडल पुरे होऊ लागले. येथे काळ मोजला जात नाही, पुरावा घेतला जातो. हा भेद पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

संगणकातील उगम : विद्युत् मंडलांतील या दोषाचे शास्त्रशुद्ध विवेचन डेव्हिड हफमन यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुक्रमी मंडलांच्या सिद्धांतात आढळते. याच सुमारास मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगणक बांधण्याचे काम चालू होते. तेथील ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. आलेख व अक्षरे दाखविण्यासाठी त्याला ऋण किरण नलिकेचा दर्शक जोडलेला होता. त्या पिढीच्या संगणकात सामान्यतः एका वेळी एकच कार्यक्रम चाले. त्यामुळे आज्ञावल्यांमधील स्पर्धेला वाव थोडा होता. अनेक कार्यक्रम एकत्र चालू लागल्यावर मात्र सामाईक स्मृतीचा प्रश्न निर्माण झाला. एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्परवर्जनाच्या प्रश्नाची उकल मांडून त्याला सैद्धांतिक पाया दिला.

आरंभणातील अडचण : हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या नियंत्रकावर चालणारे अक्षरदर्शक अनेक उपकरणांत व प्रयोगशाळांत वापरले गेले. वीज दिल्यानंतर सुमारे १५ मिलिसेकंद (कमी दाबाच्या विजेवर ४० मिलिसेकंद) थांबून पहिली आज्ञा द्यावी, नंतर ४·१ मिलिसेकंदांहून अधिक व पुन्हा १०० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ थांबून तीच आज्ञा दोनदा द्यावी, असा त्याचा क्रम आहे. नियंत्रक कामात आहे की नाही हे सांगणारी खूण या टप्प्यात वाचता येत नाही. म्हणून येथे काळ मोजण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु जेथे खूण मिळू शकते तेथेही ड्रायव्हर लिहिणारे केवळ विलंब घालून वेळ निभावून नेऊ लागले. असा ड्रायव्हर अधिक वेगवान प्रक्रियकावर किंवा थंड हवेत अकस्मात दगा देतो.

आधुनिक दर्शकात वीजपुरवठा, कालसंकेत, चित्रनियंत्रक, पडदा व मागील प्रकाश यांचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात व ते कोणत्या क्रमाने सिद्ध होतील याची खात्री नसते. यासाठी लिनक्स प्रणालीत २०१२ मध्ये अशी सोय करण्यात आली की, आवश्यक घटक सिद्ध नसल्यास ड्रायव्हराने ‘नंतर पुन्हा पाहा’ असे उत्तर देऊन बाजूला व्हावे. २०१४ मध्ये सर्व घटक हजर झाल्यावरच संपूर्ण दर्शक उभा करणारी चौकट तीत आली. दुसरा नेहमीचा दोष व्यत्यय-संकेतांचा असतो. स्मृतीतील माहितीची मांडणी पुरी होण्यापूर्वी व्यत्ययांना वाट मोकळी केल्यास पहिलाच संकेत अर्धवट मांडणीवर येऊन आदळतो. म्हणून आधी मांडणी, मग व्यत्यय आणि अखेरीस दर्शक इतर कार्यक्रमांच्या स्वाधीन करणे, हा क्रम पाळावा लागतो. बंद करताना तो उलटा होतो.

शोधनाच्या पद्धती : असा दोष पाहण्यासाठी नोंदी छापणाऱ्या आज्ञा घातल्या की यंत्र मंदावते आणि दोषच नाहीसा होतो. अशा दोषांना १९८० च्या दशकात भौतिकीविज्ञ हायझेनबेर्क यांच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हटले जाऊ लागले. यामुळे नोंदी न छापता स्मृतीतच साठविणारी ‘एफट्रेस’सारखी साधने (२००८) प्रचारात आली. सामाईक स्मृतीवरील अनिर्बंध वापर पकडणारे ‘केसीसॅन’ हे साधन २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. याच्या उलट युक्ती म्हणजे संशयित जागी मुद्दाम विलंब घालून दोष वारंवार घडवून आणणे.

या युक्तीचे महत्त्व एका मोठ्या दुर्घटनेनंतर प्रत्ययास आले. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील एका वीज-नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा बंद पडली. तेथील पडदे चालू असल्याने सूचना येत नाहीत हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. हे त्या दिवशीच्या महाखंडाचे एकमेव कारण नव्हते. तथापि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. दोष आरंभणातील नसून चालू कामातील होता : दोन क्रियांनी एकाच माहितीवर एकाच वेळी लेखन केले होते. आज्ञावलीचा वेग मुद्दाम कमी करून, सूचनांचा मारा करीत तज्ञांनी तो काही आठवड्यांनी पुन्हा घडवून दाखविला. मुद्दाम घातलेला विलंब हे असा दोष उघडा पाडण्याचे उत्तम साधन आहे. दुरुस्ती म्हणून वापरल्यास मात्र तो दोष केवळ झाकला जातो. खरी दुरुस्ती सांध्याच्या कुलपासारखी असते : आधीची क्रिया पुरी झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत पुढची सुरूच होत नाही.